बी.ए., बी.एस्सी.च्या वर्गात उद्योजकता: काय शिकवायचं आणि कसं

मुलगी बी.ए.ला, मुख्य विषय मराठी. सत्राचं वेळापत्रक हाती येतं आणि त्यात 'उद्योजकता' नावाचा दोन क्रेडिटचा पेपर दिसतो. घरी आई विचारते, 'हिला आता दुकान काढायला लावणार का?' वर्गात मुलं विचारतात, 'सर, यात बॅलन्स शीट येणार का?' स्टाफरूममधला प्रश्न तिसराच असतो: हा पेपर कुणाच्या गळ्यात पडणार?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. वाणिज्य आणि व्यवस्थापन सोडून इतर शाखांच्या मुलांना उद्योजकता शिकवावी, हा विचार कागदावर चांगला दिसतो. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी तो दोन पाहुण्यांची व्याख्यानं, एक पोस्टर स्पर्धा आणि पन्नास गुणांची लेखी परीक्षा एवढ्यावर आटोपतो. तसं होऊ नये यासाठी मुळात हा विषय काय आहे आणि साठ तासांत त्यातलं काय करता येतं, हे पाहू.

हा पेपर आला कुठून?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचं. महाराष्ट्र सरकारनं २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानं त्यानुसार पदवीची रचना ठरवून दिली. ती आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाली. या रचनेत मुख्य विषयाच्या जोडीला इतर पेपरांचे कप्पे आहेत. आपल्याला त्यातले दोनच लागतील. पहिला 'ओपन इलेक्टिव्ह', म्हणजे स्वतःची विद्याशाखा सोडून दुसऱ्या शाखेतून घ्यायचा पेपर. दुसरा 'व्हीएससी', म्हणजे मुख्य विषयाशी जोडलेलं व्यावसायिक कौशल्य.

क्रेडिट हे कामाच्या तासांचं माप आहे. व्याख्यानाच्या एका क्रेडिटला १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. म्हणून दोन क्रेडिटचा पेपर व्याख्यानाचा ठरवला तर ३० तास मिळतात, प्रात्यक्षिकाचा ठरवला तर ६०. उद्योजकतेच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. अभ्यास मंडळात बसणाऱ्यांनी भांडायचंच असेल तर आधी यासाठी भांडावं.

उद्योजकता म्हणजे धंदा नव्हे का?

धंदा हा तिचा एक प्रकार. युरोपात शिक्षणक्षेत्रात रुळलेली व्याख्या डेन्मार्कच्या एका प्रतिष्ठानानं केलेली आहे. तिचा आशय असा: संधी आणि कल्पना हेरून त्यांवर कृती करणं आणि त्यातून दुसऱ्यासाठी मूल्य निर्माण करणं, म्हणजे उद्योजकता. ते मूल्य पैशातलं असेल, सांस्कृतिक असेल किंवा सामाजिक असेल. युरोपीय आयोगानं २०१६ साली या व्याख्येच्या पायावर १५ क्षमतांची एक चौकट तयार केली. संधी ओळखणं, अनिश्चिततेत निर्णय घेणं, माणसं जोडणं, पैशाचं भान ठेवणं अशा गोष्टी तिच्यात आहेत. कंपनी नोंदवणं हा त्या चौकटीचा गाभा नाही.

या व्याख्येत 'दुसऱ्यासाठी' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. परीक्षेचं उत्तर मुलगा स्वतःच्या गुणांसाठी लिहितो. ते वाचणारा परीक्षक मानधन घेऊन वाचतो, त्याला त्या उत्तराची गरज नसते. उद्योजकतेच्या वर्गात मात्र ज्याला आपलं काम हवंय, असा एक खरा माणूस शोधावा लागतो. न आवडल्यास तो सरळ निघून जातो. पदवीच्या तीन वर्षांत इतर कुठल्याही पेपरात हा अनुभव मिळत नाही.

मग वाणिज्य शाखेचा अभ्यासक्रमच का वापरू नये?

कारण तो चालू असलेला व्यवसाय कसा चालवायचा ते शिकवतो: हिशेब, मनुष्यबळ, विपणन, करकायदा. हे सगळं उपयोगाचं आहे, पण वनस्पतिशास्त्राच्या मुलीकडे अजून चालवायला काहीच नाही. तिला पहिल्या दिवशी ताळेबंद शिकवणं म्हणजे बी पेरण्याआधी मळणी शिकवणं.

सारस सारस्वती या अभ्यासकांनी २७ मुरलेल्या उद्योजकांना एक काल्पनिक व्यवसाय देऊन ते विचार कसा करतात हे तपासलं आणि २००१ साली त्यावर आधारित सिद्धान्त मांडला. हे लोक आधी उद्दिष्ट ठरवून मग साधनं गोळा करत नव्हते. हाताशी काय आहे, मला काय येतं, मी कोणाला ओळखतो, इथून ते सुरुवात करत. समजावण्यासाठी सारस्वतींनी उदाहरण घेतलं स्वयंपाकाचं. यादी करून, बाजारातून सगळं आणून ठरलेला पदार्थ करणं ही एक रीत. दुसरी रीत म्हणजे फडताळ उघडायचं, जे असेल ते बघायचं आणि त्यातून काय होईल ते ठरवायचं. अवेळी पाहुणे आले की आपल्या घरात पिठलं-भात होतो, तो या दुसऱ्या रीतीनं.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती 'परवडणारं नुकसान'. नफा किती होईल याचा अंदाज बांधण्याआधी, गेले तर चालतील एवढे पैसे आणि एवढा वेळ ठरवायचा आणि त्याच्या आत प्रयोग करायचा.

कला आणि विज्ञान शाखेच्या मुलांना या दोन्ही गोष्टी वाणिज्याच्या मुलांपेक्षा जवळच्या आहेत, कारण त्यांचं फडताळ भरलेलं असतं. कुणाला मोडी वाचता येते, कुणाला पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजता येतो, कुणाला नकाशा काढता येतो, कुणाला वऱ्हाडीतून प्रमाण मराठीत नीट भाषांतर करता येतं. यातलं काहीतरी कुणालातरी हवं असतं, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पण शिकवून कुणी उद्योजक होतं का?

हा आक्षेप जुना आहे आणि त्याची तपासणी आपल्याच देशात झाली. १९६४ च्या सुमारास हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्रातल्या काकीनाडा इथल्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. भर होता सिद्धिप्रेरणेवर: झेपेल पण ताण पडेल असं ध्येय ठरवणं, जबाबदारी स्वतःकडे घेणं. प्रशिक्षण घेतलेले लोक पुढे व्यवसायात जास्त हालचाल करताना दिसले. १९६९ साली हे निष्कर्ष पुस्तकरूपात आले. भारतातल्या उद्योजकता प्रशिक्षणाची पुढची वाटचाल याच धाग्यावर झाली. अहमदाबादची राष्ट्रीय पातळीवरची संस्था १९८३ सालची आणि औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मुख्यालय असलेलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ सालचं.

अलीकडचा मोठा पुरावा पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातला आहे. तिथल्या १,५०० छोट्या व्यावसायिकांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाला नेहमीचं व्यवसाय प्रशिक्षण दिलं: हिशेब, विपणन, नियोजन. दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेण्याचं प्रशिक्षण दिलं: वेगळं काही शोधा, अडथळा येणार हे धरून चाला, आलाच तर वाट बदला. तिसऱ्याला काहीच दिलं नाही. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाले. काहीच न मिळालेल्या गटाच्या तुलनेत पुढाकाराचं प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला होता. नेहमीच्या प्रशिक्षणाच्या गटात वाढ ११ टक्के दिसली, पण ती योगायोगाची नाही असं खात्रीनं म्हणता येत नव्हतं. ही माणसं विद्यार्थी नव्हती, आधीपासून व्यवसायात होती, हे विसरू नये. तरी काय शिकवलं यानं फरक पडतो, एवढं त्यातून निघतं.

याच्या उलट दिशेचा पुरावाही सांगायला हवा. नेदरलँड्समधल्या एका व्यावसायिक महाविद्यालयात विद्यार्थ्यांना वर्षभर छोटी कंपनी चालवायला दिली होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्यांच्या कौशल्यांत ठळक फरक पडला नाही आणि उद्योजक होण्याची इच्छा उलट कमी झाली. या निकालाला बरेच जण अपयश म्हणतात. पण वर्षभर प्रत्यक्ष करून पाहिल्यावर 'हे माझं काम नव्हे' असं वीस वर्षांच्या मुलाला कळलं, तर त्यात त्याचा फायदाच आहे. चाळिसाव्या वर्षी, घर गहाण ठेवून ते कळण्यापेक्षा कितीतरी बरं. कार्यक्रमाचं यश 'किती मुलांनी कंपनी काढली' यावर मोजलं की असे निकाल लपवावेसे वाटतात. म्हणून ते मोजमापच चुकीचं आहे.

एका खिडकीवर की प्रत्येक विभागात?

अमेरिकेत कॉफमन फाउंडेशननं डिसेंबर २००३ मध्ये आठ विद्यापीठांना मिळून अडीच कोटी डॉलर जाहीर केले. मुख्य हेतू होता, उद्योजकता व्यवसाय शाखेच्या भिंतींबाहेर न्यायची: संगीत, नर्सिंग, अभियांत्रिकी, सगळीकडे. त्याच सुमारास कॉर्नेल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अशा कार्यक्रमांचे दोन ठळक प्रकार नोंदवले. एकात सगळी मुलं व्यवसाय शाखेत येऊन शिकतात. याला चुंबक म्हणू. दुसऱ्यात प्रत्येक विभाग आपल्याच मुलांना आपल्या विषयातून शिकवतो. याला पणत्या म्हणू.

चुंबक सोपा आणि स्वस्त पडतो: एक प्राध्यापक, एक अभ्यासक्रम, एक परीक्षा. पण इतिहासाच्या मुलाला तिथे उदाहरण मिळतं साबणाच्या कारखान्याचं, आणि हे आपल्यासाठी नाही असं त्याचं तिसऱ्या तासाला ठरून जातं. पणत्यांना कष्ट जास्त, कारण प्रत्येक विभागात एक तयार शिक्षक लागतो.

आपल्याकडची गंमत अशी की ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतूनच घ्यायचं असल्यामुळे तिथे चुंबकच तयार होतो. पणत्यांची जागा व्हीएससीच्या कप्प्यात आहे, कारण तो मुख्य विषयाशी जोडलेला असतो. भूगोल विभागानं नकाशाकामाच्या व्हीएससीतच नकाशा कोणाला हवा, किती पैशात, कधीपर्यंत, हा भाग घातला तर वेगळा पेपर मागायची गरजही उरत नाही. ओपन इलेक्टिव्ह ठेवायचंच असेल तर त्याचा एक फायदा जरूर घ्यावा. गट वेगवेगळ्या शाखांचे करावेत. रसायनशास्त्राचा एक, मराठीची एक, अर्थशास्त्राचा एक असे गट काय काय करू शकतात, ते एका विषयाच्या चार मित्रांच्या गटाला सुचतही नाही.

साठ तासांत काय बसतं

१५ आठवडे, आठवड्याला चार तास, चौघांचा गट. एका शिक्षकाला दहाच्या वर गट झेपत नाहीत.

पहिले दोन आठवडे फडताळ उघडण्याचे. प्रत्येकानं कागदावर तीन रकाने आखायचे: मला काय येतं, माझ्याकडे काय आहे, मी कोणाला ओळखतो. तिसरा रकाना मुलं रिकामा ठेवतात. त्यांना वाटतं ओळख म्हणजे आमदाराची. गावातला रोपवाटिकेवाला, मामाची पिठाची गिरणी, सोसायटीच्या सचिव काकू, सगळं लिहायला लावावं. प्रत्येकाची निदान वीस नावं निघतात.

तिसरा ते पाचवा आठवडा माणसांशी बोलण्याचा. या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्यावा आणि नेमकी हीच जागा सगळे गाळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानानं २०११ साली शास्त्रज्ञांसाठी असा एक कार्यक्रम सुरू केला. तिथे प्रत्येक गटाला शंभर संभाव्य ग्राहकांना भेटावं लागतं. आपल्या मुलांना प्रत्येकी पंधरा, म्हणजे गटाचे साठ, हे जमण्यासारखं आहे.

भेटून विचारायचं काय, यावर सगळं अवलंबून आहे. 'आम्ही गांडूळखत पोचवलं तर तुम्ही घ्याल का?' असं विचारलं की समोरचा 'हो' म्हणतो. आपल्याकडे कॉलेजच्या पोराला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. त्या 'हो'ला काही अर्थ नसतो. प्रश्न होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल हवा: 'कुंड्यांना शेवटचं खत कधी घातलंत? कुठून आणलंत? किती पैसे गेले? काय अडचण आली?' ज्यानं गेल्या वर्षभरात कुंडीत खतच घातलं नाही तो उद्याही विकत घेणार नाही, मग तोंडानं काहीही म्हणो. आणखी एक नियम: साठातले निदान चाळीस लोक नात्यातले किंवा ओळखीचे नसावेत. आत्या सगळं विकत घेते आणि तेवढ्यानं मुलं फसतात.

सहावा आणि सातवा आठवडा नमुना करण्याचा. नमुना म्हणजे पूर्ण वस्तू नव्हे, तर समोरच्याला 'हे असं असेल' हे डोळ्यांनी दिसेल एवढंच. याचं उत्तम उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. १९१२ साली भांडवल लावायला कोणी तयार होईना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढताना थोड्या थोड्या वेळानं एकेक चौकट टिपली. मिनिटभराच्या त्या चित्रफितीत बी रुजून वेल झाला, आणि ती पाहून कर्ज देणारा मिळाला. त्यात कथा नव्हती, नट नव्हते. कॅमेऱ्यानं काय करता येतं एवढंच दाखवलं होतं. फाळके जे. जे. कलाशाळेत शिकलेले, हेही इथे आठवण्यासारखं.

आठवा आणि नववा आठवडा किंमत आणि हिशेबाचा. त्याचं उदाहरण पुढे येतंच आहे. दहाव्यापासून तेराव्यापर्यंत खरी विक्री, आणि तीही दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत चुकलेलं दुसऱ्या फेरीत सुधारता यावं म्हणून. एकच फेरी ठेवली की मुलं फक्त सबबी लिहितात. गटाला भांडवल जास्तीत जास्त २,००० रुपये, ते विभागाच्या निधीतून द्यावं, आणि बुडालं तर कुणाच्या खिशातून वसूल करायचं नाही हे आधीच लिहून ठेवावं. खिशातून घालायला लावलं की श्रीमंत घरातली मुलं धाडस करतात आणि बाकीची गप्प बसतात. शेवटचे दोन आठवडे हिशेब बंद करण्याचे आणि तोंडी मांडणीचे.

एक हिशेब, पूर्ण आकड्यांसह

समजा, वाईतल्या इतिहासाच्या चौघांनी रविवारी सकाळी घाट आणि जुने वाडे दाखवणारी तीन तासांची फेरी काढायची ठरवली. संरक्षित स्मारकांच्या आत मार्गदर्शक म्हणून काम करण्याला परवान्याचे नियम असतात, तेव्हा वाट गावातली, मोकळ्या जागांतून धरलेली. माणशी शुल्क २०० रुपये.

खर्च दोन जातींचा असतो. एक माणसागणिक वाढणारा: चहा-नाश्ता ४० रुपये आणि छापील नकाशापत्रक २० रुपये, मिळून ६०. दुसरा कोणी आलं नाही तरी होणारा: जाहिरात आणि फलकाचे ३००, वाडा उघडून दाखवणाऱ्याचे ६००, मिळून ९००. दोनशेतून साठ गेले की एका माणसामागे १४० रुपये हातात उरतात. ९०० ला १४० नं भागलं की ६.४ येतात. म्हणजे सात माणसं आली तर पदरचे जात नाहीत. याला ना-नफा-ना-तोटा बिंदू म्हणतात आणि त्याला यापेक्षा अवघड गणित लागत नाही.

बारा जण आले तर १,६८० मधून ९०० वजा जाता ७८० रुपये उरले. मुलं इथे खूश होतात. आता दुसरा प्रश्न विचारावा: किती तास लागले? चौघांपैकी दोघांनीच फेरी चालवली, तयारी धरून प्रत्येकी पाच तास, असं धरलं तरी दहा तास झाले. तासाला ७८ रुपये. पाचच जण आले असते तर दहा तास राबून वर २०० रुपये खिशातून गेले असते.

मग वर्गात खरी चर्चा सुरू होते. शुल्क ३०० केलं तर किती जण गळतील? पत्रक काढून टाकलं तर? की शाळेची चाळीस मुलांची सहल एकदम घ्यावी आणि वाड्याचे ६०० चाळीस जणांत वाटले जावेत? स्वतःच्या वेळेची किंमत शून्य धरण्याची चूक मुलंच करतात असं नाही. पुष्कळ छोट्या व्यवसायांचा नफा त्या शून्यावरच उभा असतो. घरच्या सगळ्यांचं फुकट राबणं त्यात मोजलेलंच नसतं. हे एकदा स्वतःच्या आकड्यांत दिसलं की विसरत नाही.

प्रत्येक विषयाचा एक खड्डा

कायद्याचा पूर्ण पेपर कुणालाच नको. पण प्रत्येक शाखेत एक ठरावीक खड्डा आहे आणि तो आधी दाखवायला हवा.

रसायनशास्त्राच्या मुलांना लिप बाम, क्रीम, शाम्पू करून मेळाव्यात विकण्याची हौस असते. ही सौंदर्यप्रसाधनं आहेत आणि विक्रीसाठी बनवायला परवाना लागतो. प्रयोगशाळेत करून पाहणं ठीक, विकणं नाही. खाद्यपदार्थ विकणारा कितीही छोटा असला तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. पाकीटबंद काहीही विकलं तर वजन, किंमत, तारीख आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता छापावा लागतो. जीएसटीची भीती मात्र बहुतेकदा उगाच असते. राज्यातल्या राज्यात विकताना साधारणपणे वस्तूंसाठी वार्षिक ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. तिचे पैसे मागणारा दलाल असतो.

विज्ञानाच्या मुलांसाठी सगळ्यात महागाची चूक म्हणजे पोस्टर. पेटंटला नावीन्य लागतं, आणि अर्ज करण्याआधी कल्पना पोस्टरवर किंवा व्हिडिओत जाहीर केली की ते नावीन्य सहसा संपतं. त्यावर सोपा उपाय आहे: आधी तात्पुरता अर्ज करायचा, मग पोस्टर लावायचं. पूर्ण अर्जासाठी पुढे बारा महिने मिळतात.

कला शाखेच्या मुलांचा खड्डा कॉपीराइटचा. पैसे घेऊन कुणासाठी फोटो काढला किंवा चित्र काढलं, तर वेगळा करार नसल्यास कायद्यानं पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा होतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवेत, आणि किती काळासाठी ते लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. भाषांतर, बोधचिन्ह, गाणं विकणाऱ्या प्रत्येक मुलाला लेखी कराराची ही गोष्ट माहीत हवी. एका तासाचं काम आहे आणि आयुष्यभर पुरतं.

कॉलेज माझ्या कल्पनेत वाटा मागेल का?

मागू शकतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणानुसार संस्थेची साधनं भरीव प्रमाणात वापरली किंवा शोध अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लागला, तर बौद्धिक संपदा दोघांच्या मालकीची धरावी असं सुचवलेलं आहे. संस्थेनं जागा, मार्गदर्शन वगैरे दिल्यास स्टार्टअपमध्ये २ ते ९.५ टक्के भाग घेण्याचीही त्यात मुभा आहे. तेव्हा गंभीर कल्पना असेल तर पहिल्याच आठवड्यात आपल्या संस्थेचा नियम लेखी मागून घ्यावा. वाईतल्या फेरीसाठी याची गरज नाही.

'नोकऱ्या देता येत नाहीत म्हणून हे चाललंय'

हा सगळ्यात जड आक्षेप आहे आणि तो झटकून टाकू नये. रिक्त जागा भरल्या जात नाहीत, प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबतात, आणि अशा वेळी मुलांना 'नोकरी मागणारे नको, देणारे व्हा' असं व्यासपीठावरून सांगितलं जातं, तेव्हा ऐकणाऱ्याला संताप येणं स्वाभाविक आहे. उद्योजकतेचा पेपर हा रोजगाराच्या धोरणाला पर्याय नाही. दोन क्रेडिट शिकून कुणाची बेकारी संपत नाही, आणि तसं आश्वासन देणाऱ्या शिक्षकानं वर्गाची फसवणूक केली असं समजावं.

हा पेपर याहून छोटी गोष्ट देतो. आपल्या विषयाचं कुणालातरी काम पडतं हे कळतं. अनोळखी माणसाशी बोलता येतं. कामाचा भाव सांगताना मान खाली जात नाही. नोकरी करणाऱ्यालाही हे लागतं. भाषांतराचे दर ठरवताना, पथनाट्याला अनुदान मागताना, बचत गटाच्या लोणच्याला गिऱ्हाईक शोधताना, ग्रामपंचायतीपुढे प्रस्ताव ठेवताना.

'ज्ञानाचं बाजारीकरण' हा दुसरा आक्षेप मुख्यतः भाषा आणि तत्त्वज्ञानाच्या विभागांतून येतो. तो मुख्य विषयाच्या बाबतीत बरोबर आहे. ज्ञानेश्वरीच्या तासाला 'याला ग्राहक कोण' विचारू नये. पण मोडी शिकलेल्या मुलीनं एखाद्या घरातली जुनी कागदपत्रं वाचून दिली आणि त्याचे पैसे घेतले, तर मोडी बाटत नाही. उलट ती लिपी शिकायला पुढच्या वर्षी आणखी दोन मुलं येतात.

आणि 'मराठी माणसाला धंदा जमत नाही' हे घरोघरचं वाक्य. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला जे. जे. कलाशाळेत गेले होते. रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले, मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. पुढे बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी. लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला नांगर खपत नव्हते. प्रभात फिल्म कंपनीच्या भागीदारांतले दामले आणि फत्तेलाल मूळचे चित्रकार, कोल्हापुरात घडलेले. यांतला एकही जण वाणिज्य शिकलेला नव्हता. प्रत्येकाच्या हातात एक कला होती आणि तिला गिऱ्हाईक लागतं हे त्यांना वेळेवर कळलं होतं.

गुण कसे द्यायचे?

नफ्यावर कधीही नाही. नफ्यावर गुण दिले की मुलं बापाच्या ओळखीनं विकतात आणि खोटी बिलं जोडतात. ५० गुणांची एक वाटणी अशी करता येते: भेटींच्या नोंदवहीला १५, दोन फेऱ्यांमध्ये काय आणि का बदललं याला १५, हिशेबाच्या वहीला १०, तोंडी परीक्षेला १०. नोंदवहीत तारीख, ठिकाण आणि समोरच्याचे शब्द जसेच्या तसे हवेत. नाव आणि फोन नंबर मात्र नको. मतपरिवर्तन झालं ते पान कुठलं, असं तोंडी परीक्षेत विचारावं. ज्यानं भेटी खरंच घेतल्या तो वही उघडून लगेच पान दाखवतो.

व्यवसाय आराखडा लिहून घेण्याचा मोह टाळावा. तो आता कुठलंही एआयचं साधन दोन मिनिटांत लिहून देतं. साठ माणसांना भेटून यायचं काम मात्र अजून मुलांनाच करावं लागतं.

आणि हा पेपर कुणाच्या गळ्यात?

यासाठी शिक्षक उद्योजक असावाच लागत नाही. त्याला विषय येत असावा, आणि 'मला माहीत नाही, विचारून ये' असं म्हणण्याची तयारी असावी. एका वेळी दोघांनी घेतलं तर उत्तम: विभागातला एक आणि अर्थशास्त्र किंवा वाणिज्यातला एक. त्या दुसऱ्यानं आठव्या आणि नवव्या आठवड्यात येऊन हिशेबाची बाजू सांभाळायची. पाहुणा बोलवायचा तर भाषणाला नको, मोठं नाव तर नकोच. गावातला छापखानेवाला, रोपवाटिका चालवणारी बाई, दिवाळी अंकाचे संपादक यांच्यापैकी कुणालातरी तेराव्या आठवड्यात बोलवावं, मुलांच्या हिशेबाच्या वह्या त्यांच्यापुढे ठेवाव्यात आणि चुका काढायला सांगावं. ते पहिल्याच पानावर विचारतील, 'उधारी कुठे लिहिलीय?'